जेव्हां दादर शहराबाहेर होतें

आमच्या विद्यार्थि-वाचकांपैकीं कित्येकजण रोज सकाळीं टिळक पूल ओलांडून शाळेस येतात. पुलावर मोटारींची रांग खोळंबलेली असते, खालून दोन्ही रेल्वेंच्या गाड्या एकामागून एक धांवत असतात, आणि बाजारांतील झेंडूचा वास थेट वरपर्यंत येतो. अशा वेळीं जर कोणी त्यांस सांगितलें कीं, हें ठिकाण एके काळीं शहराच्या बाहेर होतें व येथें भातशेतें आणि ताडामाडांच्या वाड्या होत्या, तर तें त्यांस आजोबांचें नेहमींचें पुराण वाटेल. परंतु तें पुराण नव्हे, इतिहास आहे. आणि तोहि फार जुना नाहीं. आमच्या आजोबांच्या पिढीनें तो डोळ्यांनीं पाहिला आणि आम्हीं तो त्यांच्या तोंडून ऐकिला. म्हणून यंदाच्या अंकासाठीं कांहीं लिहून द्या असें संपादकांनीं सुचवितांच आम्ही दुसरा विषय शोधीत बसलों नाहीं. शिवाय या इतिहासाचा एक कागद सध्यां आमच्या मेजावर सहीसाठीं येऊन पडला आहे. त्याविषयीं पुढें सांगूं.

मुंबई म्हणजे मूळचीं सात बेटें हें भूगोलाच्या पुस्तकांत असतेंच. त्यांपैकीं उत्तरेकडच्या माहीम व परळ या बेटांच्या अंगाखांद्यावर दादर, माटुंगा, वडाळा, शीव हीं लहान लहान खेडीं वसलेलीं होतीं. दादर म्हणजे जिना. माहिमास जाण्याची ही पायरी म्हणून हें नांव पडलें, असें लोक सांगतात. माटुंगा हें नांव मातंगावरून, म्हणजे कोण्या जुन्या राजाचे हत्ती येथें बांधीत त्यावरून आलें, अशीहि एक कथा आहे. नांवांच्या अशा कथा ऐकण्यास गोड असतात. त्यांवर फार भार टाकूं नये. खरें एवढेंच कीं, येथें कोळी मासे पकडीत, भंडारी ताडी काढीत, कुणबी भात लावीत, आणि खाडीच्या कडेस मिठागरें पांढरीं दिसत. पोर्तुगीजांनीं १५९६ सालीं स्थापिलेलें दादरचें देऊळ, ज्यास सारेजण आजहि नुसतें 'पोर्तुगीज चर्च' म्हणतात, तें या खेड्यांच्या आठवणींतलें सर्वांत जुनें ठिकाण. त्याची आजची इमारत मात्र अगदीं अलीकडची. ती चार्ल्स कोरिया या प्रसिद्ध वास्तुशिल्पज्ञानें गेल्या शतकाच्या आठव्या दशकांत उभारली.

शहर तिकडे दक्षिणेस, किल्ल्याच्या भोंवतीं. त्यास जें जवळ नकोसें वाटे तें तें इकडे लोटून देण्याची जुनी चाल होती. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं तोफखान्याची छावणी होती ती माटुंग्यास. १८९० सालीं निराधार कुष्ठरोग्यांसाठीं आश्रयस्थान काढावयाचें ठरलें, तेंहि इकडेच, वडाळ्या-माटुंग्याच्या माळावर. हें आश्रयस्थान काढणारे म्युनिसिपल कमिशनर हॅरी अॅक्वर्थसाहेब यांचें नांव त्या रुग्णालयास अजून आहे. याच साहेबांनीं शंकर तुकाराम शाळिग्राम यांच्या साह्यानें मराठी पोवाडे गोळा करून १८९१ सालीं छापविले, ही गोष्ट आमच्या इतिहासाच्या तासास कोणी सांगितली नव्हती. ती आम्हांस पुष्कळ उशिरा एका जुन्या ग्रंथालयांत कळली. मराठी शाहिरांचे शब्द जतन करणारा मनुष्य आणि रस्त्यावर पडलेल्या रोग्यांस छप्पर देणारा मनुष्य हा एकच असावा, याचें आम्हांस अद्याप नवल वाटतें.

पण शहरानें दादराकडे खऱ्या अर्थानें पाहिलें तें भीतीनें. १८९६ सालच्या सप्टेंबरांत मांडवीकडील भागांत गांठीच्या तापाचे रोगी आढळूं लागले. ही प्लेगची सांथ आहे हें प्रथम ओळखिलें तें मूळच्या गोव्याच्या डॉ. अकासिओ गाब्रिएल व्हिएगस यांनीं. पुढच्या कांहीं महिन्यांत लक्षावधि माणसें शहर सोडून गांवोगांव पळालीं. बंदरांत माल उतरविण्यास हमाल मिळेनात, गिरण्यांस कामकरी मिळेनात. व्यापाराचें शहर असें ओस पडलें तेव्हां सरकारास जाग आली. १८९८ सालीं कायदा करून 'सिटी इंप्रूव्हमेंट ट्रस्ट' नांवाचें मंडळ नेमण्यांत आलें. कोंदट वस्त्या पाडणें, रुंद रस्ते काढणें आणि शहराच्या उत्तरेस मोकळ्या जागेंत नवी वस्ती वसविणें, हीं त्याचीं कामें.

येथें एक मौजेची गोष्ट विद्यार्थ्यांनीं ध्यानांत ठेवावी. त्या वेळच्या पुष्कळ अधिकाऱ्यांची समजूत अशी कीं, प्लेग हा अंधार, ओल व कुंद हवा यांतून उपजतो. वास्तविक तो उंदरांच्या अंगावरच्या पिसवांमुळें पसरतो, हें पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरानें १८९८ सालींच दाखविलें होतें, पण तें सर्वमान्य होण्यास कांहीं वर्षें गेलीं. तोंवर उजेड व वारा हींच औषधें ठरून दादर-माटुंग्याचे नकाशे आंखले गेले. म्हणजे आमच्या खिडक्यांतून येणारा भरपूर प्रकाश हा एका चुकलेल्या वैद्यकशास्त्राचा प्रसाद आहे! चुकीच्या कारणासाठीं केलेलें काम इतकें उपयोगी पडल्याचें उदाहरण आम्हांस तरी दुसरें चटकन आठवत नाहीं.

ट्रस्टचें सर्वच काम मात्र इतकें सुखाचें नव्हतें. नागपाड्यासारख्या दाट वस्त्यांत घरें पाडलीं गेलीं, तेथल्या गरिबांपैकीं थोड्यांना ट्रस्टच्या चाळींत जागा मिळाली. बाकीचे जवळच्याच दुसऱ्या कोंदट गल्ल्यांत शिरले. दादरचीं नवीं घरें त्यांच्यासाठीं नव्हतींच. तीं कारकुनांसाठीं, मास्तरांसाठीं, वकिलांसाठीं झालीं. आणि इकडे ज्यांचीं भातशेतें कायद्यानें घेतलीं गेलीं त्यांना मोबदला मिळाला खरा, परंतु मोबदल्यानें पुन्हां शेत मिळत नाहीं. भंडाऱ्याचा माड गेला कीं त्याचा धंदाच गेला. आजोबा सांगत कीं, ते येथें राहावयास आले तेव्हां रस्त्याच्या कडेस एक म्हातारा येऊन बसे आणि आमच्या गल्लीच्या तोंडाशीं आपली विहीर कोठें होती तें येणाराजाणारास दाखवी. मुलें त्यास हंसत. आजोबांनीं मात्र ती जागा आमच्या वडिलांस दाखविली व वडिलांनीं आम्हांस. तेथें आतां विजेची पेटी आहे.

जमीन ताब्यांत आली, परंतु वस्ती कांहीं लवकर झाली नाहीं. सखल जागीं भराव घातला गेला, गटारें बांधलीं, रस्ते आंखले. आणि मग वर्षानुवर्षें दिव्यांचे खांब आहेत पण घर नाहीं असा देखावा राहिला. पहिलें महायुद्ध झालें, मालाच्या किंमती चढल्या, शहरांत जागेची टंचाई पडली, तेव्हां कोठें १९२० नंतर लोक इकडे वळूं लागले. आधीं गटार आणि मग घर, हा क्रम मुंबईनें त्यानंतर फार क्वचित पाळला, एवढें येथें नमूद करून ठेवितों.

नव्या वस्तीचे नियम कडक होते. प्लॉटच्या साधारण एकतृतीयांश भागावरच बांधावयाचें, इमारत तळमजल्यावर दोन मजल्यांहून उंच न्यावयाची नाहीं, आणि खोलीस उजेड मिळेल एवढें अंतर शेजाऱ्यापासून सोडावयाचें. हें अंतर किती? ट्रस्टचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनीं त्यासाठीं साडेत्रेसष्ट अंशांचा नियम घातला. भूमिति शिकणाऱ्या मुलांनीं कागदावर काढून पाहावें: आकाशांतून येणारा प्रकाश जमिनीशीं ६३॥ अंशांचा कोन करून खिडकीच्या पायथ्याशीं पोंचला पाहिजे, याचा हिशेब असा होतो कीं, समोरची इमारत जितकी उंच त्याच्या निम्मी जागा मधें मोकळी हवी. चाळीस फूट उंचीस वीस फूट अंगण. नियम इतका सोपा, आणि आमच्या साऱ्या कॉलनीची हवा त्या एका त्रिकोणावर उभी आहे.

पारशी कॉलनीची कथा यांत विशेष सांगण्यासारखी. ट्रस्टमधील अभियंते मंचरजी एदलजी जोशी यांनीं मध्यम स्थितींतील पारशी कुटुंबांसाठीं १०३ प्लॉट राखून ठेवावयास ट्रस्टास कबूल करविलें, आणि लोकांनीं येथें येऊन राहावें म्हणून दारोदार फिरून त्यांचें मन वळविलें. कारण तेव्हां 'जंगलांत' राहावयास जाण्यास कोणी राजी नव्हतें. पांच बागांस आज त्यांचेंच नांव आहे. तेथील झाडें पाहिलीं म्हणजे वाटतें, या माणसानें लोकांच्या आधीं सावलीची सोय केली. माटुंग्याकडे मद्रास प्रांतांतून आलेलीं कुटुंबें राहूं लागलीं, त्यांच्या देवळांभोंवतीं फुलांच्या माळांचा आणि कॉफीच्या बियांचा बाजार वाढला. आमच्या हिंदु कॉलनींत डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनीं १९३० नंतरच्या दशकांत आपलें 'राजगृह' बांधिलें. मगधाच्या प्राचीन राजधानीचें नांव दिलेलें हें घर त्यांनीं मुख्यतः आपल्या ग्रंथसंग्रहासाठीं बांधविलें. कोणी दागिन्यांसाठीं तिजोरी करवितो, यांनीं पुस्तकांसाठीं घर करविलें. आमच्या लहानपणीं ज्यास व्हिन्सेंट रोड म्हणत तो हमरस्ता आज त्यांच्याच नांवानें ओळखिला जातो, आणि दर ६ डिसेंबरास चैत्यभूमीकडे जाणारी गर्दी आमच्या गल्लीच्या तोंडावरून जाते.

रेल्वेच्या पलीकडे, समुद्राच्या बाजूस, १९२५ सालीं म्युनिसिपालिटीनें मोठें मैदान मोकळें ठेविलें. तें प्रथम माहीम पार्क म्हणून ओळखिलें जाई. शिवजन्मास तीनशें वर्षें झाल्याच्या निमित्तानें १९२७ सालीं त्यास शिवाजी पार्क हें नांव मिळालें, तें नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांच्या खटपटीनें. आणखी मागें गेल्यास, दादासाहेब फाळके यांनीं आपला 'राजा हरिश्चंद्र' हा बोलपट नव्हे, मूकपट १९१२-१३ सालीं दादरच्याच एका बंगल्यांत तयार केला. म्हणजे घरें येण्यापूर्वीं येथें सिनेमा आला होता! शाळा-कॉलेजें मागाहून आलीं. व्हिक्टोरिया जुबिली तंत्रशाळा १९२३ सालीं माटुंग्यास आली, रुइया व खालसा हीं कॉलेजें १९३७ सालीं निघालीं, आणि पहातां पहातां कालची भातखाचरें विद्यार्थ्यांच्या सायकलींनीं भरलीं.

आमचे आजोबा १९३४ सालीं गिरगांवांतील चाळ सोडून येथें आले. ते रेल्वेच्या कचेरींत कारकून होते. दोन खोल्या, स्वयंपाकघर, पुढें लहानसा सज्जा, आणि स्नानगृह व शौचकूप घरांतच; अशा जागेस तेव्हां 'ब्लॉक' म्हणूं लागले होते. आजोबांना त्याचा केवढा अभिमान! परंतु आजीनें पहिल्याच दिवशीं तोंडास पदर लाविला. "अहो, स्वयंपाकघराच्या भिंतीला लागून संडास! सोंवळें म्हणून कांहीं राहील का?" असें ती म्हणाली व सहा महिने तिनें देवघर सज्जाकडच्या कोपऱ्यांत मांडलें होतें. दुसरें दुःख एकटेपणाचें. चाळींत दार उघडलें कीं शेजारीण. येथें दार लावून बसावयाचें. रात्रीं माटुंग्याच्या बाजूनें कोल्हे ओरडत आणि पावसाळ्यांत डबक्यांतले बेडूक झोंप लागूं देत नसत. गिरगांवची बहीण भेटावयास आली म्हणजे आजी तिला निरोप देण्यास ट्रामच्या अखेरच्या थांब्यापर्यंत जाई आणि ट्राम दिसेनाशी होईपर्यंत तेथेंच उभी राही, असें वडील सांगत.

ती ट्राम आम्हींहि पाहिली. मुंबईंत घोड्यांची ट्राम १८७४ सालीं सुरू झाली, विजेची १९०७ सालीं. दादर ही तिची उत्तरेकडची सीमा, म्हणून त्या चौकास अजूनहि जुने लोक 'दादर टी. टी.' म्हणतात, पुढच्या पिढीस त्या दोन अक्षरांचा अर्थ सांगावा लागतो. १९६४ सालच्या ३१ मार्चच्या रात्रीं शेवटची ट्राम बोरीबंदराहून दादरास आली. आम्ही तेव्हां इयत्ता पांचवींत होतों. वडिलांच्या खांद्यावर बसण्याचें वय उलटून गेलें होतें, तरी त्यांनीं त्या दिवशीं आम्हांस वर घेतलें. लोक डब्याच्या बाहेर लोंबकळत होते, कोणी हार घालीत होते. आजी घरींच राहिली. "बघायचं काय त्यात?" एवढेंच ती म्हणाली.

आतां मेजावरच्या त्या कागदाकडे वळूं. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्यानें जुन्या जागांचीं भाडीं १९४० च्या सुमाराच्या दरांशीं बांधून ठेविलीं. त्यामुळें आमच्यासारखीं कुटुंबें शहरांत टिकलीं, हें नाकबूल करतां येणार नाहीं. परंतु तेवढ्या भाड्यांत मालकास डागडुजी परवडेना, म्हणून गच्चीचा गिलावा गळूं लागला, लोखंड गंजून फुगलें, आणि दोन पावसाळ्यांपूर्वीं जिन्यावरचा मोठा तुकडा मध्यरात्रीं खालीं आला. जुन्या इमारतींच्या दुरुस्तीसाठीं १९६९ सालीं कायदा होऊन सरकारी मंडळ निघालें, त्याचे टेकू आमच्या तळमजल्यास कित्येक वर्षें लागलेले आहेत. आतां एका बांधकाम कंपनीनें प्रस्ताव आणिला आहे: इमारत पाडून तेथें बावीस मजल्यांची उभारावयाची, जुन्या भाडेकरूंस मोठ्या व स्वतःच्या मालकीच्या जागा द्यावयाच्या. अशीं अनेक घरें आमच्या आसपास उठलीं आहेत व त्यांतून राहणारीं माणसें सुखी दिसतात.

सभेच्या आदल्या रविवारीं आमचा नातू, जो आपल्याच शाळेंत नववींत आहे, आमच्याजवळ येऊन म्हणाला, "आजोबा, तुमचा तो साडेत्रेसष्टचा नियम खरा आहे का, मोजून पाहूं या." आम्हांसहि उत्साह आला. गच्चीवरून दोरीस दगड बांधून सोडला, खालीं फीत लाविली. आमची इमारत कठड्यासह ३९ फूट भरली. शेजारच्या इमारतीपासून अंतर २० फूट. नव्वद वर्षांपूर्वींच्या त्या मोजणाऱ्यानें अर्धा फूट आम्हांस जास्तच दिला होता. मग मुलानें नव्या नकाशावर हिशेब मांडला. बावीस मजले म्हणजे सुमारें २३० फूट. त्याच्या निम्मे ११५. नकाशांत बाजूची मोकळी जागा जुनी होती तेवढीच, वीस फूट. त्यानें तो आकडा लाल पेन्सिलीनें वर्तुळांत घेतला.

सभेंत आम्हीं तो आकडा वाचून दाखविला. कंपनीच्या तरुण अभियंत्यानें शांतपणें ऐकून घेतलें व सांगितलें कीं, तो नियम जुन्या काळचा. आतां नियम निराळे आहेत, आणि वरच्या मजल्यांस उजेड कमी पडणार नाहीं. यावर खालच्या मजल्यांचें काय, असें कोणी तरी विचारिलें; त्यानें नियमावलीचें एक कलम वाचलें. तेवढ्यांत दुसऱ्या मजल्यावरच्या काकी, ज्यांना त्यांच्या दोघां मुलांनीं खुर्चींत बसवून तीन वळणांच्या जिन्यावरून खालीं आणिलें होतें, आमच्याकडे वळून म्हणाल्या, "भाऊ, तुमचा उजेड मला ठाऊक आहे. लग्न होऊन आल्यापासून त्याच खिडकीशी बसत आले. पण दोन वर्षांत मी रस्ता पाहिला नाही. मला लिफ्ट हवी आहे."

त्यावर आम्हांस कांहींच उत्तर सुचलें नाहीं. बराच वेळ कोणी बोलेना. शेवटीं असें ठरलें कीं, इमारत पाडण्यास सर्वांची संमति धरावी, परंतु मजले कमी करून बाजूची जागा वाढवितां येईल काय, आणि कुंपणालगतचीं दोन झाडें जागच्या जागीं ठेवितां येतील काय, याचें लेखी उत्तर कंपनीकडून मागवावें. मजले कमी झाले तर प्रत्येकाच्या वाट्यास येणारी जागाहि कमी होईल, हें अभियंत्यानें तेथेंच बजावलें; तें ऐकून दोघांतिघांनीं आपले हात खालीं घेतले. काकींचा हात मात्र वरच होता.

उत्तर यावयाचें आहे. पुढची सभा पावसाळ्यापूर्वीं व्हावयाची आहे, कारण टेकूंस आणखी एक पावसाळा सोसेल असें कोणी छातीठोकपणें सांगत नाहीं. नातवानें मोजणीचा कागद आमच्या कपाटाच्या आंतल्या बाजूस चिकटवून ठेविला आहे, आणि त्याखालीं, विचारल्यावांचून, गल्लीच्या तोंडाशीं विहीर होती ती जागाहि बाणानें दाखविली आहे.